डांबर एक, माल चार : कोल्हापूरच्या पावसात कोणतं कुठं वापरायचं

शाहूपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं ‘डांबर द्या’ म्हटलं, तर दुकानदार आधी विचारतो, ‘कशाला पाहिजे?’ त्याचं बरोबर आहे. रस्त्यावरचा काळा माल डांबर, गच्चीवर वितळवून ओततात तेही डांबर, कुंपणाच्या खांबाला फासतात तेही डांबर, आणि कपाटात टाकायची पांढरी गोळीसुद्धा डांबराचीच. नाव एक असलं तरी या मालांचे गुण वेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरा वापरला की पहिल्या उन्हाळ्यात नाहीतर पहिल्या पावसात काम वाया जातं. गच्ची गळण्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मजुराच्या हातात नसून चुकीच्या डब्यात असतं.

नावामागचा माल

सगळ्यात जुनं डांबर लाकडाचं. पाइनची तेलकट खोडं आणि मुळं बंद भट्टीत, हवा कोंडून भाजली की खाली काळपट चिकट रस गळतो. इंग्रजीत याला ‘टार’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द ‘झाड, लाकूड’ या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात. संस्कृतातला ‘दारु’, म्हणजे आपल्या ‘देवदार’मधला दार, त्याच घराण्यातला. हिंदीतल्या ‘डामर’चा अर्थही राळ आणि डांबर असा दुहेरी आहे. स्वीडनमधून निघणारं पाइनचं डांबर लाकडी जहाजांच्या सांध्यांना आणि दोरखंडांना लागायचं. त्यात भिजवलेलं जाड कापड पाणी आत येऊ देत नसे. इंग्रजीत खलाशांनाही ‘टार’ म्हणत ते यामुळेच. सिगारेट-विडीच्या पाकिटाबाबत बोलताना ज्या ‘टार’चा उल्लेख होतो, तोही असाच अर्धवट जळण्यातून तयार झालेला चिकट अंश. आपला ‘डांबरट’ मात्र या हिशेबात धरू नका!

दुसरं डांबर कोळशाचं, म्हणजे कोलटार. लंडनमध्ये १८१२ साली दिवाबत्तीसाठी कोळशाचा वायू पुरवणारी कंपनी निघाली. वायू काढताना मागं उरणाऱ्या या काळ्या गाळाचं काय करायचं हा तेव्हा प्रश्नच होता. १८५६ मध्ये विल्यम पर्किननं कोलटारपासून मिळणाऱ्या पदार्थांवर प्रयोग करताना जांभळा कृत्रिम रंग काढला आणि हा गाळ रसायन उद्योगाचा कच्चा माल बनला. दगडी कोळशाचा कोक बनवतानाही कोलटार निघतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीला लागणारा कोक याच प्रक्रियेतला. खडी आणि कोलटार एकत्र करून रस्ता करण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये एडगर हूली यांनी १९०२ मध्ये घेतलं.

तिसरं आणि चौथं डांबर खरं म्हणजे बिटुमेन. खनिज तेल शुद्ध करताना तळाशी जे जड उरतं ते. आजच्या डांबरी रस्त्यात कोलटार नसतं, बिटुमेन असतं. त्यातल्या काही मालात गरम असताना हवा फुंकतात, मग ते अधिक कडक आणि रबरासारखं होतं. हे ‘ब्लोन’ किंवा औद्योगिक बिटुमेन. रस्त्याचा माल आणि हा फुंकलेला माल यांतला फरक ज्याला कळला त्याचा अर्धा खर्च वाचला.

डबा हातात घेतल्यावर

लेबलवर व्हीजी-१०, व्हीजी-३० किंवा व्हीजी-४० लिहिलं असेल तर तो रस्त्याचा माल. व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, घट्टपणावरून ठरवलेली प्रत. जुने ठेकेदार याला ६०/७० किंवा ८०/१०० म्हणतात, ती मालात सुई किती खोल रुतते यावरून ठरवलेली आधीची प्रतवारी. ८५/२५ किंवा ९०/१५ लिहिलं असेल तर तो फुंकलेला. यात पहिला आकडा मऊ होण्याचं तापमान सांगतो आणि दुसरा सुई किती रुतते ते. ८५/२५ सुमारे ८५ अंशांना मऊ पडतं. व्हीजी-३० साठी मानकात किमान ४७ अंश धरलेत. एप्रिलमध्ये आपल्याकडं उघडी काळी गच्ची सहज साठ अंशांपुढं तापते. म्हणजे रस्त्याचं डांबर गच्चीवर टाकलं तर ते दुपारभर मऊ राहणार आणि उताराच्या बाजूनं हळूहळू सरकत पाइपच्या तोंडाशी गोळा होणार. वरच्या अंगाला थर पातळ पडतो, आणि गळती तिथंच सुरू होते. रस्त्यावर हेच डांबर चालतं, कारण तिथं ते खडीच्या सांगाड्यात अडकलेलं असतं. गच्चीवर ते एकटंच पडलेलं असतं.

लेबल नसलेला सुटा माल असेल तर काचेच्या बाटलीत थोडं व्हाइट स्पिरिट किंवा टर्पेंटाइनला पर्याय म्हणून मिळणारं रंगकामाचं पातळ घ्या आणि त्यात हरभऱ्याएवढा तुकडा टाका. जवळपास आग नको. बिटुमेन लवकर विरघळून द्रव गडद तपकिरी करतं. कोलटार त्यात नीट विरघळत नाही, रंग फिका पिवळसर राहतो. वासही सांगतो : कोलटारला डांबरगोळी आणि फिनेलसारखा उग्र दर्प, बिटुमेनला जड तेलकट वास. जुन्या थरावर नवा द्यायचा असेल तेव्हा ही चाचणी चुकवू नका. कोलटारच्या थरावर बिटुमेन नीट धरत नाही. खालचं तेल वर येतं आणि थर सुटतो.

‘स्वस्तात मिळतं’ म्हणून जळकं इंजिन ऑइल मिसळून पातळ केलेलं डांबर काही ठिकाणी विकलं जातं. ते कधीच पुरतं वाळत नाही. बोट लावलं आणि दुसऱ्या दिवशीही काळं लागलं, तर तो डबा परत करा.

गच्ची : वळवाच्या आधी

कोल्हापुरात गच्चीचं काम मे महिन्यावर ढकलणं ही नेहमीची चूक. वळीव एप्रिल-मेमध्ये कधीही येतो, तासाभरात कोब्यात पाणी मुरवून जातो, आणि पुढचे कितीतरी दिवस तो ओलावा आत राहतो. काम फेब्रुवारी ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावं. शिरोळकडं थोडी सवड मिळते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पट्ट्यात अजिबात नाही.

सुरुवात ओलाव्याच्या चाचणीनं करा. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक गच्चीवर पसरा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि १६ तास ठेवा. खालच्या बाजूला दव धरलं किंवा काँक्रीट गडद दिसलं, तर थांबा. ओल्या पृष्ठभागावर डांबराचा थर दिला की उन्हात आतल्या पाण्याची वाफ होते आणि फुगा येतो. पहिल्या वर्षी तो ताटलीएवढा असतो, पुढं वाढत जातो, आणि कुणाचा तरी पाय पडला की फुटतो. जुन्या घरांत विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्यात पाणी आडवं फिरतं, म्हणून खाली जिथं थेंब पडतो त्याच्या बरोबर वर छिद्र असेलच असं नाही. कोबा आतून भिजलेला असेल तर वरून कितीही भारी थर द्या, पाणी आतच कोंडलं जातं. असा भाग उकरून वाळवावा लागतो. खर्च वाढतो, पण दुसरा मार्ग नाही.

उतार किमान १०० ला १ हवा, म्हणजे पाच मीटर लांबीला पाच सेंटिमीटर. कठडा आणि गच्ची जिथं मिळतात तो कोन काटकोनी ठेवू नका, सिमेंटचा गोलसर वाटा मारा. डांबरी पत्रक (गुंडाळीत मिळणारा बिटुमेनचा तयार थर) काटकोनात वाकवलं की तिथं चिरतं, आणि गळतीच्या जागा बहुतेक याच कोपऱ्यांत आणि पाइपच्या तोंडाशी असतात. भेगा व्ही आकारात उघडून भरा. धूळ झाडून काढा, शक्य असेल तर ब्लोअरनं उडवा.

आता माल. जुनी पद्धत म्हणजे गरम ८५/२५ आणि डांबरी फेल्टचे (डांबर मुरवलेल्या जाड कापडाचे) आलटून पालटून थर. एका थराला चौरस मीटरमागे १.२ ते १.५ किलो बिटुमेन जातं. पद्धत चांगली आहे, पण भट्टी, बादल्या आणि सराईत हात लागतो. घरगुती गच्चीला आज गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीनं चिकटवायचं एपीपी पत्रक सोयीचं. त्यातलं बिटुमेन एपीपी हे प्लास्टिकच्या प्रकारातलं बहुवारिक (पॉलिमर) मिसळून सुधारलेलं असतं आणि खूप जास्त तापमानापर्यंत टिकतं. रोल एक मीटर रुंद, दहा मीटर लांब. जाडी ३ किंवा ४ मिमी. उघड्या गच्चीला ४ मिमी घ्या आणि वरच्या बाजूला दगडी कणी असलेलं घ्या.

हिशेब असा. गच्ची २० × ३० फूट धरू, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. कठड्याला वर चढवायची पट्टी ३० सेंटिमीटर धरली तर परिघ ३०.५ मीटरला ९ चौरस मीटर. एकूण ६५. रोलचं नाव दहा चौरस मीटर असलं तरी बाजूचा १० सेंटिमीटर आणि टोकाचा १५ सेंटिमीटर जोड वजा केला की हातात ८.८ च्या आसपास उरतात. म्हणजे साडेसात रोल लागतात, आठ विकत आणा. कोपऱ्यांचे ठिगळ त्यातूनच निघतात. ठेकेदार सातमध्ये बसवतो म्हणाला तर तो जोड कुठं कमी करणार हे विचारा.

आधी बिटुमेन प्रायमर, चौरस मीटरला साधारण पाव लिटर. हात लावल्यावर बोट काळं होईनासं झालं की पुढचं काम. घाई केली तर आतलं द्रावक टॉर्चनं पेटू शकतं, आणि न पेटलं तरी वाफ होऊन फुगे येतात. मग पाइपच्या तोंडाशी आणि वाट्याच्या सगळ्या लांबीवर २० ते २५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या मजबुतीसाठी लावा. त्यानंतर मुख्य पत्रक. सुरुवात नेहमी सगळ्यात खालच्या कडेपासून, आणि रोल उताराला आडवा. कौलं जशी खालून वर चढवतात तसं. वरचा तुकडा खालच्यावर यायला हवा, म्हणजे पाणी जोडावरून वाहून जातं, जोडात शिरत नाही.

रोल आधी पूर्ण पसरून सरळ करा, मग परत गुंडाळत आणा आणि उलगडता उलगडता तापवा. ज्योत पत्रक आणि गच्ची दोन्हींवर फिरती हवी. खालची पातळ प्लास्टिकची फिल्म वितळून तिची नक्षी दिसेनाशी झाली की तापमान जुळलं. जोडाच्या कडेनं ५ ते १० मिमीचा काळा ओघळ सलग दिसला पाहिजे. ओघळ नाही म्हणजे जोड कच्चा. धूर सुटून पत्रकातला मजबुतीचा थर उघडा पडला म्हणजे जाळलं. टोकाचे जोड शेजारच्या पट्ट्यांत एका रेषेत आणू नका. कठड्यावर पत्रक गच्चीच्या अंतिम पातळीपासून किमान १५ सेंटिमीटर वर न्या, भिंतीत खाच पाडून कड आत दाबा आणि खाच बुजवा. ही खाच टाळली की दोन-तीन पावसाळ्यांत कड सुटते आणि भिंतीवरून उतरणारं पाणी थेट मागं जातं.

शेवटी पाइपची तोंडं बंद करून २५ मिमी पाणी ४८ तास उभं ठेवा. खालच्या खोलीत छताला ओल नसेल तरच ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्या. कणीचं पत्रक नसेल तर वर परावर्तक रंग किंवा फरशी हवीच. उघडं बिटुमेन उन्हातल्या अतिनील किरणांनी कडक होतं आणि मगरीच्या पाठीसारखं चिरतं.

पत्र्याच्या छपरावर टॉर्च नको. गळती स्क्रूच्या वायसरशी असते : वायसर बदला, पत्रा कोरडा पुसा, वर बिटुमेन-अॅल्युमिनियमची १० सेंटिमीटर पट्टी दाबून बसवा.

गरम डांबर आणि माणूस

भट्टीवरच्या डांबरात पाणी गेलं तर ते वाफ होताना सुमारे १,६०० पट फुगतं आणि फेस काठाबाहेर उडतो. म्हणून ओली बादली, ओली काठी, रिमझिम पाऊस, काहीच चालत नाही. भांडं निम्म्याच्या फार वर भरू नका, ठोकळे हळूहळू टाका. आग लागली तर झाकण आणि वाळू. पाणी अजिबात नाही. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, चामडी हातमोजे, बूट.

अंगावर गरम डांबर पडलं तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा. चिकटलेलं डांबर ओढू नका, कातडी सोबत निघते. बोटाभोवती कडं झालं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण थंड होताना ते आवळतं. हातावर थंड डाग असतील तर गोडेतेल लावून पुसा. पेट्रोल किंवा केरोसिन त्वचेवर घासू नका.

कोलटारचा मामला आणखी वेगळा. सशाच्या कानाला कोलटार वारंवार लावून कर्करोग होतो हे जपानमध्ये १९१५ साली दाखवलं गेलं. आज कोलटार कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. बंद खोलीत ते वापरू नका आणि रिकाम्या डब्यात धान्य, पेंड किंवा पाणी कधीच भरू नका.

अंगणातला, गल्लीतला खड्डा

डांबरी रस्त्याचा शत्रू पाणी. ते भेगेतून शिरतं, खडी आणि डांबर यांच्यामध्ये घुसतं आणि खडी सुटी करतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात दिवसेंदिवस पाण्याखाली राहिलेल्या रस्त्यांची पुढं जी चाळण झाली, तिचं कारण हेच. आपल्या काळ्या दगडाची खडी डांबराला चांगली धरते. धुळीनं माखलेली खडी मात्र धरत नाही.

गरम मिश्रणाचं गणित घरगुती नाही. व्हीजी-३० चं मिश्रण १५० ते १६५ अंशांना तयार होतं, टाकताना १४० च्या खाली उतरलेलं चालत नाही आणि तापमान ९० अंशांखाली उतरण्याआधी रोलर फिरून झालेला हवा. सोसायटीच्या रस्त्याचं काम चालू असेल तर थर्मामीटर मागा. लांबून आलेल्या, ताडपत्री न टाकलेल्या डंपरमधला माल वरून सायीसारखा कडक झालेला असतो. तो रोलरनं दबल्यासारखा दिसतो, पण सांधत नाही.

एकटादुकटा खड्डा पिशवीतल्या कोल्ड मिक्सनं, म्हणजे न तापवता वापरायच्या खडी-डांबराच्या तयार मिश्रणानं, भरता येतो. खड्डा चौकोनी कापा, कडा उभ्या ठेवा. बशीसारख्या उतरत्या कडेला माल पातळ होतो आणि गाडीच्या चाकानं उचलला जातो. सुटी खडी, चिखल, पाणी काढा. खोली ७५ मिमीपेक्षा जास्त असेल तर तळ खडी-मुरमानं भरून धुम्मसनं ठोका. मग तळाला आणि चारी कडांना इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या बिटुमेनचा) हात, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. इमल्शन लावताना तपकिरी असतं आणि पाणी सुटून काळं होतं. काळं झाल्याशिवाय माल टाकू नका. जास्त इमल्शन ओतलं की खड्ड्यात ते वंगणाचं काम करतं आणि ठिगळ सरकतं.

माल किती लागेल? ६० × ६० सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर खोल खड्ड्याचं आकारमान ०.०१८ घनमीटर. दबलेलं मिश्रण घनमीटरला सुमारे २,२०० किलो भरतं, म्हणजे जवळपास ४० किलो. एका वेळी ५० मिमीपेक्षा जाड थर नको. कडांपासून मध्याकडं ठोकत या, वरचा पृष्ठभाग रस्त्याच्या पातळीपेक्षा किंचित उंच ठेवा आणि वर कच भुरभुरा, म्हणजे टायरला चिकटणार नाही. भर पावसात पाणी साचलेल्या खड्ड्यात माल टाकणं म्हणजे पिशवी गटारीत ओतणं.

खांब, पाइप आणि गोळ्या

कुंपणाचा लाकडी खांब जमिनीच्या पातळीशी कुजतो, वर नाही आणि फार खालीही नाही, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथंच मिळतात. म्हणून पुरायच्या भागासह जमिनीवर ३० सेंटिमीटरपर्यंत डांबर लावा आणि खालच्या कापलेल्या तोंडाला दोनदा लावा. पाणी तिथूनच वर चढतं. साल काढलेलं, पूर्ण वाळलेलं लाकूड हवं. ओल्या लाकडावर लेप दिला तर आतली ओल कोंडते आणि खांब लेपाच्या आतून कुजतो. बिटुमेन पाणी अडवतं, पण वाळवीला मारत नाही. वाळवीवर कोलटारपासून काढलेलं क्रिओसोट चालतं. ते गोठ्याच्या मेढीला लावू नका, जनावरं चाटतात.

उपसा योजनांच्या जमिनीखालच्या लोखंडी पाइपांना कोलटारची पट्टी गुंडाळतात. वेल्डिंगच्या सांध्यावर गंज घासून चमक आणा, प्रायमर द्या आणि पट्टीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर चढवा. पाइप चारीत उतरवताना साखळीऐवजी कापडी पट्टा वापरा, साखळी तोच लेप ओरबाडते. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून कोलटार नको.

सोरायसिस आणि कोंड्यासाठी डॉक्टर कोलटारचं मलम किंवा शाम्पू देतात. ते औषधी दर्जाचं असतं, त्याचा आणि दुकानातल्या डब्याचा संबंध नाही. डांबरगोळी, म्हणजे नॅप्थॅलीन, मूळची कोलटारमधूनच वेगळी केलेली. लोकरीच्या कपड्यांत ती कागदात गुंडाळून ठेवा. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात किंवा झबल्यात मात्र कधीच नाही. काही बाळांत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते आणि त्या वाफेनं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. जुन्या पेटीतले कपडे बाळासाठी काढणार असाल तर आधी धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा.